शौचावाटे पडणारे रक्त मूळव्याध समजून अंगावर काढू नका

मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा मायटोकाँड्रियाच्या (पेशीत ऊर्जा तयार करणाऱ्या सूक्ष्म भागांच्या) डीएनएतील बदलांशी जोडला जाणारा संबंध निराधार नाही. १९९८ मध्ये अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांना या कर्करोगाच्या तपासलेल्या १० पेशीमालिकांपैकी (प्रयोगशाळेत वाढवत ठेवलेल्या पेशींपैकी) ७ मध्ये असे बदल सापडले. पण ते रोगाचे कारण की पेशी बेसुमार वाढताना मागे राहिलेली खूण, हे अजून सिद्ध झालेले नाही. म्हणून ‘मायटोकाँड्रिया सुधारा’ म्हणत विकल्या जाणाऱ्या गोळ्यांवर पैसे घालवू नयेत, ही कळकळीची विनंती. शौचावाटे रक्त पडणे हे या कर्करोगाचेही लक्षण असू शकते; पण ते दिसले की आपल्याकडे मूळव्याध समजून चूर्ण सुरू होते. कित्येक बायका तर घरात सांगतही नाहीत. वेळीच कोलोनोस्कोपी (मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी) झाली, तर पॉलिप (आतड्याच्या आतल्या अस्तरावर वाढलेला कोंब) कर्करोगात बदलण्याआधी बहुधा त्याच वेळी काढता येतो.

– एक वाचक, सातारा