महिलांच्या सायकल शर्यतीचा एक टप्पा नवी मुंबईत व्हावा

माननीय संपादक महोदय,

जानेवारी 2026 मध्ये पुणे जिल्ह्यात ‘पुणे ग्रँड टूर’ ही टप्प्याटप्प्यांची आंतरराष्ट्रीय सायकल शर्यत झाली. ती पुरुषांची होती. तशीच शर्यत व्यावसायिक महिला सायकलपटूंसाठीही महाराष्ट्रात भरवावी आणि तिचा एक टप्पा नवी मुंबईत ठेवावा, अशी माझी संबंधितांना कळकळीची विनंती आहे.

पुरुषांची ‘टूर द फ्रान्स’ 1903 पासून होते. महिलांची शर्यत 1984 मध्ये तिच्या जोडीने सुरू झाली, पण 1989 नंतर ती जोड तुटली आणि सध्याची ‘टूर द फ्रान्स फाम’ सुरू व्हायला 2022 साल उजाडले. महिलांची शर्यत पाहणार कोण, असे विचारणाऱ्यांनी 2024 ची शर्यत आठवावी. पाचव्या टप्प्यात पडल्यामुळे पिवळी जर्सी (एकूण वेळेत आघाडीवर असल्याची खूण) गमावलेल्या नेदरलँड्सच्या डेमी व्होलरिंगने अखेरच्या दिवशी आल्प द्युएझचा अवघड घाट सर्वांच्या आधी सर केला. तरीही सर्व टप्प्यांची वेळ एकत्र मोजल्यावर पोलंडची कासिया निव्हियादोमा अवघ्या 4 सेकंदांनी विजेती ठरली. पुरुषांच्या टूरमध्येही इतका कमी फरक कधी पडलेला नाही. तिथला नीचांक 1989 मधील 8 सेकंदांचा आहे. या शर्यतीत एका दिवसाचे नुकसान पुढचे अनेक दिवस भरून काढावे लागते, आणि संघाच्या नायिकेची समोरच्या वाऱ्याने दमछाक होऊ नये म्हणून तिच्या पुढे राहून स्वतःची ताकद खर्च करणाऱ्या सहकारी मुलींची नावे निकालात वरच्या क्रमांकांवर क्वचितच दिसतात. या मेहनतीचे मला सर्वाधिक अप्रूप वाटते.

आपल्याकडे पाम बीच मार्गाचा सपाट पट्टा वेगवान टप्प्यासाठी उत्तम आहे आणि खारघरच्या टेकडीचा चढही जवळच आहे. याच पाम बीच मार्गावर पहाटे सराव करणाऱ्या मुलींना भरधाव मोटारींच्या कडेने जीव मुठीत धरून सायकल चालवावी लागते. महापालिका, सिडको आणि वाहतूक पोलिसांनी शर्यतीपूर्वीही रविवारी सकाळी काही तास एक बाजू वाहनांसाठी बंद ठेवली, तर या मुलींची मोठीच सोय होईल.

शर्यत ठरलीच, तर बक्षिसाची रक्कम पुरुषांइतकीच असावी. 2022 मध्ये फ्रान्समधील महिला विजेतीला 50 हजार युरो मिळाले, तर पुरुष विजेत्याला 5 लाख. टप्प्यांची संख्या वेगळी असली, तरी दहापट तफावत मला न्याय्य वाटत नाही.

आपली विश्वासू,
एक वाचक, नेरुळ, नवी मुंबई