पास झालेल्या फर्म्याला हात लावायचा नाही

सदाशिव पेठ, पुणे
रविवार, २८ सप्टेंबर २०२५

प्रिय बंड्या,

सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तुझ्यावर आवाज चढवला, त्याची रुखरुख अजून जात नाही. तू एवढंच म्हणालास, "अपडेट बंद ठेवू नकोस रे, धोक्याचं असतं ते," आणि मी तडकलो. तुझं काही चुकलं नव्हतं. त्या आठवड्यात काय झालं ते तुला ठाऊक नव्हतं, आणि ते फोनवर सांगण्यासारखंही नव्हतं. आज शेवटचा फर्मा प्रेसला गेला, दुकान बंद केलं आणि लिहायला बसलो.

श्रावण लागला की आपल्याकडे कशी धांदल असते, ते तू पाहिलंयस. यंदा चार दिवाळी अंकांची कामं होती. त्यातला एक सरांचा, एकशे साठ पानांचा, म्हणजे सोळा पानी दहा फर्मे. सर आता अठ्ठ्याहत्तरचे आहेत, पण तीन प्रुफं स्वतः वाचतात. जिना चढवत नाही, म्हणून खालच्या पायरीवर बसून घेतात आणि मी कागद खाली नेऊन देतो. गुरुवारी, १८ तारखेला, संध्याकाळी त्यांनी शेवटचे दोन फर्मे पास केले. पहिल्या पानावर लाल पेनाने "छपाईस हरकत नाही" लिहून सही केली. आम्ही दोघेही थकलो होतो. पीडीएफ सकाळी करू म्हटलं, मशीन बंद केलं आणि घरी गेलो.

शुक्रवारी साडेनऊला दुकान उघडलं, तर पडद्यावर अपडेटचं चक्र गरगरत होतं. ३५ टक्के. खाली ओळ, संगणक बंद करू नका. आदल्या रात्री बंद करताना त्याने मला काही विचारलं नव्हतं, आणि सकाळी चालू केल्यावर उरलेलं काम माझ्या वेळेतून सुरू केलं. प्रेसवाल्याचा फोन आला, त्याला अकरा वाजताची वेळ दिली. पावणेअकराला ७४ टक्के झाले आणि वीज गेली.

यूपीएस ओरडायला लागला. आधी थांबून थांबून, मग लागोपाठ. ती बॅटरी नवी होती तेव्हा वीस मिनिटं चालायची, आता दहा चालली तरी खूप. अर्ध्यात मशीन बंद पडलं तर ते परत उठेल की नाही याची खात्री नसते, हे तूच मला एकदा सांगितलं होतंस. मी त्या आकड्याकडे बघत उभा होतो. ८१, ८१, ८१, ८६. दुसऱ्या मशीनची, प्रिंटरची, पंख्याची, सगळ्याची पिन काढून टाकली. तेवढ्यात वीज आली. मी खुर्चीत बसलो तेव्हा हात थरथरत होते.

मशीन सुरू झालं, पण मागचा डाँगल, म्हणजे सॉफ्टवेअरची किल्ली असलेली छोटी खुंटी, ओळखेना. जुन्या फाँटचं आमचं सॉफ्टवेअर त्या डाँगलवर चालतं. ते उघडलं नाही तर जुन्या फाइलींत मराठीच्या जागी नुसती इंग्रजी अक्षरं दिसतात, डोक्यावर टोप्या घातलेली, ठिपके दिलेली. अंकातल्या जाहिराती सगळ्या तशाच. मिठाईवाल्याचं अख्खं पान कुठल्या तरी परग्रहावरच्या लिपीत. डीलरकडचा मुलगा दुपारी पेन ड्राइव्हवर नवा ड्रायव्हर घेऊन आला, तीन तास खपला आणि डाँगल चालू करून गेला. दिवस गेला, प्रेसची पाळी हुकली, त्याचे पैसे माझ्या अंगावर आले. पण बंड्या, मी तुझ्यावर ओरडलो ते या सगळ्यावरून नव्हे. हे नुकसान डोळ्यांना दिसलं. दिसलं म्हणून दुरुस्त झालं.

खरी गोष्ट शनिवारची.

सकाळी पीडीएफ काढली. प्लेटी करायला पाठवणार, तेवढ्यात ही म्हणाली, "जाहिराती परत आल्यात ना, तेवढ्या एकदा ताडून बघते." पास झालेलं प्रूफ डावीकडे, पीडीएफचे छापील कागद उजवीकडे, अशी ती बसली. हिला एक सवय आहे, ती माझ्या वडिलांकडून, नानांकडून आली. पान वाचत नाही, आधी ओळी मोजते. ९३व्या पानावर थांबली, परत मोजल्या. मग मला हाक मारली.

त्या पानावर एक कविता आहे. कवी एक्याऐंशी वर्षांचे, राहतात इथेच शनिवार पेठेत. प्रुफात सोळा ओळी, पीडीएफमध्ये पंधरा. शेवटची ओळ नाही.

आणि कविता पुरी वाटत होती! पंधराव्या ओळीपाशी ती नीट थांबत होती, कुणालाही शंका आली नसती. सोळाव्या ओळीत ते गेलेल्या बायकोचं नाव पहिल्यांदा घेतात. आधीच्या पंधरा ओळी त्या नावाकडे चालत येतात. तेवढंच नाव गेलं होतं.

कारण शोधायला दोन तास लागले. सिस्टिमबरोबर जो देवनागरी फाँट येतो, तो कवितांना आणि चौकटींना वापरला होता. अपडेटने त्या फाँटची नवी आवृत्ती बसवली. अक्षरांची रुंदी केसभर वाढली. कवितेतली एक लांब ओळ मोडून तिच्या दोन झाल्या, चौकट भरली आणि शेवटची ओळ चौकटीच्या पोटात गेली. पडद्यावर कोपऱ्यात एक बारीक लाल खूण येते, पण पास झालेलं पान पुन्हा कोण उघडून बघतं? मशीनच्या लेखी सगळं ठीक होतं. अपडेट यशस्वी झालं, असा निरोपही आला होता.

मग एकशे साठ पानं आम्ही ओळ मोजून परत तपासली. शनिवारची रात्र, सगळा रविवार. अकरा ठिकाणी मजकूर सरकला होता. एका कथेचा शेवटचा शब्द पुढच्या पानावर एकटा जाऊन पडला होता. एका लेखात तळटीप दुसऱ्याच परिच्छेदाखाली गेली होती. सरांना फोन करून सांगताना मला शरम वाटली. ते रिक्षाने आले, पायरीवर बसले, अकरा पानं पुन्हा वाचली, पुन्हा सही केली. मला एका शब्दाने बोलले नाहीत. ते बोलले असते तर बरं वाटलं असतं.

नानांचा छापखाना तुला आठवत असेल. आपण शाळेतून यायचो तेव्हा ते केसपाशी, म्हणजे अक्षरांच्या खणांपाशी, उभे राहून खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं, जुळवत असायचे आणि आपल्याला शिशाला हात लावू द्यायचे नाहीत. त्यांचा एक नियम होता. फर्मा चौकटीत आवळला आणि प्रूफ पास झालं की त्याला हात लावायचा नाही. मालकानेही नाही. एखादा खिळा तुटका निघाला आणि बदलावाच लागला, तर बदलायचा, पण लगेच नवं प्रूफ काढून पुन्हा वाचायचं. एका खिळ्यासाठी अख्खं पान. खिळा काढताना शेजारचा हलतो, हे त्यांनी आयुष्यभर बघितलं होतं. मला त्या शनिवारी सारखा तोच नियम आठवत होता. रात्री माझ्या दुकानात कुणीतरी आलं, पास झालेल्या फर्म्यातले खिळे बदलले, प्रूफ काढलं नाही, मला सांगितलं नाही आणि निघून गेलं.

माझ्या मशीनवर कुठल्या कंपनीची सिस्टिम आहे ते मुद्दाम लिहीत नाही. एकीला दोष द्यावा आणि दुसरीला सोडावं, असं काही नाही. २०१४च्या सप्टेंबरात आयफोनचं ८.०.१ आलं तेव्हा कित्येकांच्या नव्या फोनला नेटवर्कच मिळेना, त्याच दिवशी ते मागे घ्यावं लागलं. आणि २०१८चं विंडोज १०चं ऑक्टोबर अपडेट तर तुला माझ्याहून जास्त माहीत असेल. २ ऑक्टोबरला आलं, आठवडाही झाला नाही तोच थांबवलं, कारण काही लोकांच्या फाइलीच पुसल्या गेल्या. ज्यांनी डॉक्युमेंट्सचा फोल्डर दुसऱ्या ड्राइव्हवर हलवला होता, त्यांचा जुना फोल्डर अपडेटने रिकामा धरून काढून टाकला, आणि त्यात कुणाकुणाचं काम राहिलेलं होतं. पुन्हा यायला १३ नोव्हेंबर उजाडला. त्यातली एक गोष्ट मला फार लागते. हे अपडेट सगळ्यांना देण्याआधी ज्यांच्याकडे तपासायला दिलं होतं, त्यांच्यातल्या काहींनी फाइली गेल्याचं कळवलं होतं. पण ज्या तक्रारीला जास्त लोकांचा दुजोरा ती वर, अशी रीत होती, म्हणून ती तक्रार ढिगात खाली राहिली. म्हणजे प्रूफ कुणीतरी वाचलं होतं, चूक लाल पेनाने दाखवली होती, आणि तरी फर्मा छापायला गेला. तू तीस वर्षं टेस्टिंग केलंस. तू शोधून दाखवलेली चूक अशी दडपली गेली तर तुला कसं वाटलं असतं, ते मी सांगायला नको.

आता तुझी बाजू. ती मला मान्य आहे, आणि फोनवर मी ते म्हणायला हवं होतं. १२ मे २०१७ला वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस सुटला तेव्हा दीडशे देशांतली मशीन कुलूपबंद झाली, ब्रिटनमधल्या रुग्णालयांना ऑपरेशनं पुढे ढकलावी लागली. ज्या भोकातून तो शिरला, ते बुजवणारं अपडेट १४ मार्चलाच आलं होतं. दोन महिने ज्यांनी ते टाकलं नाही, ते सापडले. तेव्हा अपडेटच नकोत असं म्हणणारा मी नाही. माझ्याकडे लोकांची हस्तलिखितं आहेत, कुणाकुणाची एकुलती एक प्रत आहे. ती चोरांच्या हाती गेली तर मी कुणाला तोंड दाखवणार?

पण कुलूप दुरुस्त करायला आलेल्या माणसाने कुलूप दुरुस्त करावं. त्याने स्वयंपाकघरातली भांडी हलवू नयेत. सुरक्षेची डागडुजी वेगळी द्या, ती मी त्याच रात्री टाकीन. नवे फाँट, नवी चित्रं, नवे मेनू वेगळे द्या आणि त्यांची तारीख मला ठरवू द्या. दसऱ्यापूर्वीचा महिना माझ्यासारख्याला किती मोलाचा असतो, ते दूर बसलेल्या माणसाला कळणार नाही. त्याने विचारावं तरी. जे जे बदललं त्याची यादी साध्या भाषेत द्यावी. "कामगिरीत सुधारणा आणि किरकोळ दुरुस्त्या" एवढं लिहून भागत नाही. फाँट बदलला, असे दोन शब्द त्यात असते, तर शनिवारी सकाळी मीच त्या कवितेचं पान आधी उघडलं असतं.

तू म्हणशील, चूक झाली तर दुरुस्ती लगेच येते. येते, पण ती कुणापर्यंत पोचते ते बघ. १९ जुलै २०२४ला क्राउडस्ट्राइकचं बिघडलेलं अपडेट जगभर गेलं. ते सिस्टिमचं नव्हतं, तिच्या रखवालीसाठी बसवलेल्या सॉफ्टवेअरचं होतं. सव्वा तासात त्यांनी ते मागे घेतलं. पण तोवर ८५ लाख मशीन निळ्या पडद्यावर अडकली होती आणि बंद पडलेल्या मशीनला दुरुस्ती पाठवणार कशी? एकेका मशीनपाशी माणूस जाऊन बसला, तेव्हा ती उठली. आपल्याकडे विमानतळांवर बोर्डिंग पास हाताने लिहून दिले, ते फोटो तूच मला पाठवले होतेस.

आता १४ ऑक्टोबर तोंडावर आलाय. विंडोज १०ला फुकट अपडेट मिळण्याची मुदत त्या दिवशी संपते, आणि ११साठी टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो. चौकातले दोघे-तिघे डीटीपीवाले मला विचारून गेले, काय करायचं. वर्षभराची जादा मुदत घेता येते तेवढी घ्या आणि दिवाळी होऊ द्या, असं मी सांगितलं. बरोबर सांगितलं का, ते कळव.

मी माझ्यापुरती व्यवस्था लावली आहे. पान लावायचं मशीन नेटपासून तोडलं. मेल आणि व्हॉट्सॅप दुसऱ्या मशीनवर, तिथे अपडेट येतील तशी येऊ देतो. मधली ने-आण एकाच पेन ड्राइव्हने, तीही दर वेळी तपासून. अंकाला लागणारे सगळे फाँट त्याच्या फोल्डरमध्ये ठेवायचे, सिस्टिमच्या फाँटवर काही सोडायचं नाही. आणि प्रूफ पास झालं की हात कितीही दुखत असोत, पीडीएफ त्याच रात्री काढायची, दोन ठिकाणी ठेवायची. दिवाळी झाली की तोडलेलं मशीन एकदा जोडून सगळी अपडेट घेईन आणि मग महिनाभर ओळी मोजत बसेन. यात कुठे भोक राहिलं असेल तर ते तुलाच दिसेल, म्हणून एवढं तपशिलाने लिहिलं.

कवींना आम्ही काही सांगितलं नाही. सर म्हणाले, अंक हातात पडू दे, मग बघू.

तू वसुबारसेला येणार म्हणालास, ते नक्की ना? सुमित्रेला आणि मुलांना घेऊन ये. ही चिवडा आणि अनारसे तुझ्यासाठी राखून ठेवेल. सरांच्या अंकाची एक प्रत बाजूला काढायला सांगितली आहे. आलास की ९३वं पान आधी उघड आणि ओळी मोज.

तुझाच,
दिन्या