मंत्रीसाहेब, बरणीवर पत्ता छापला म्हणून मी सापडले

मा. केंद्रीय ग्राहक व्यवहार मंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपण कामात असता हे माहितीये, म्हणून थोडक्यात लिहिणार होते. पण आता रात्रीचे साडेअकरा वाजलेत, घरातले सगळे झोपलेत, आणि ओट्यावर डाळीच्या डब्याखाली ती नोटीस दाबून ठेवलीये, तिच्याकडे बघून थोडक्यात लिहिणं काही जमेल असं वाटत नाही.

मी कऱ्हाडची. घरी कांदा लसूण मसाला करते (आमच्याकडे त्याला नुसती चटणी म्हणतात), शिवाय मेतकूट, भाजणी, नाचणीचं सत्त्व, सीझनला लोणचं आणि थोडंफार तूप. हाताखाली दोन बायका, मिरच्या डंकावर न्यायला मिस्टरांची स्कूटर, आणि दुकान म्हणाल तर इन्स्टाचं एक पेज आणि व्हॉट्सॲपचे तीन ग्रुप. वर्षाची उलाढाल साडेचार लाखांच्या आसपास, नफा विचारू नका. तेव्हा बारा लाखांच्या आतल्यांसाठी असलेलं ते शंभर रुपयेवालं फूड रजिस्ट्रेशन पहिल्याच वर्षी काढलं, त्याचा चौदा आकडी नंबर प्रत्येक बरणीवर आहे, वजन आहे, एमआरपी आहे, पॅकिंगची तारीख आहे, माझं नाव, घराचा पत्ता, मोबाईल नंबर सगळं आहे. पत्ता छापलाय एवढं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मागच्या मंगळवारी पोस्टमन सही घेऊन पाकीट देऊन गेला. आत माझ्याच इन्स्टा पोस्टची काळीपांढरी प्रिंट. नाचणी सत्त्वाच्या वाटीचा फोटो आणि खाली मी लिहिलेलं, "१०० टक्के शुद्ध, घरगुती, पारंपरिक पद्धतीचं नाचणी सत्त्व, शुगरवाल्यांसाठी एकदम बेस्ट". शुद्ध, घरगुती, पारंपरिक, शुगरवाल्यांसाठी, या चार शब्दांखाली लाल पेनाने रेघा. आठवीत निबंधाची वही परत यायची ना, अगदी तशी. पंधरा दिवसांत खुलासा करा, नाहीतर कारवाई, आणि दंड दहा लाखांपर्यंत होऊ शकतो. मी तो आकडा दोनदा वाचला, मग मिस्टरांना वाचायला दिला, ते चष्मा शोधायला गेले ते बराच वेळ आलेच नाहीत.

तुम्ही म्हणाल ही नोटीस अन्नाची आहे, ते आरोग्य मंत्रालयाकडे जातं, आमचं खातं वेगळं. माहितीये हो. पण दिशाभूल करणाऱ्या जाहिराती हा विषय तुमचाच ना, त्यासाठीच २०२० साली ते केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण काढलंत ना. आम्हाला नोटीस येते तेव्हा ती कोणत्या मंत्रालयाच्या दारातून आली हे बघून पोटात गोळा येत नाही, गोळा येतो तो एकच असतो.

बरं, मी काही अडाणी नाही. लेकीला बसवलं आणि ते २०१८ चे खाद्यपदार्थांच्या जाहिरातींचे आणि दाव्यांचे नियम रात्रभर वाचून काढले, ती इंग्रजी वाचायची आणि मी भाजणी चाळत ऐकायचे. "शुद्ध" कधी म्हणायचं, तर पदार्थात एकच घटक असेल आणि बाकी काही घातलं नसेल तर. मी म्हटलं झालं, सुटलो, नाचणीशिवाय आहे काय त्यात. लेक म्हणाली, आई वेलदोडा. घ्या! चिमूटभर वेलदोड्याने घात केला. "पारंपरिक" म्हणायचं तर ती कृती निदान तीस वर्षं तशीच चालत आलेली पाहिजे. आमच्या सासूबाई १९७३ ला लग्न होऊन या घरात आल्या तेव्हापासून नाचणी भिजवणं, मोड आणणं, वाळवणं, दळणं, वस्त्रगाळ करणं असंच चालू आहे, पण त्याची पावती कुठून आणू? सासूबाईंनाच खुलाशाला जोडून पाठवू का, साक्षांकित प्रत म्हणून? आणि "घरगुती" सारखे शब्द ग्राहकाचा गैरसमज होईल असे वापरायचे नाहीत. आता मी घरात करते, घरातल्या पातेल्यात, तर गैरसमज नक्की कोणाचा आणि कसला होणार आहे ते मला कोणीतरी समजावून सांगा.

शुगरवाल्यांचं मात्र चुकलं, ते मान्य. एका ताईंनी कमेंटमध्ये विचारलं होतं डायबेटिसवाल्यांना चालतं का, आणि मी उत्साहाच्या भरात पोस्टमध्येच टाकून दिलं. तसं लिहायला नको होतं. नाचणीच्या सत्त्वानेही शुगर वाढते हे मला डॉक्टरांनी सांगितलं, आणि ते सांगायची वेळ कशी आली ते आता सांगते, कारण खरं पत्र इथून सुरू होतं.

नोटीस यायच्या बरोबर तीन आठवडे आधी आमच्या सासूबाई दवाखान्यात होत्या. वय बहात्तर, शुगर वीस वर्षांची, रोज दोन वेळा इन्सुलिन. दुपारी मोबाईलवर भजनं ऐकतात. त्या भजनांच्या मधे जाहिरात यायची, टीव्हीवर दिसणारे एक नावाजलेले डॉक्टर सांगतायत की शुगर पस्तीस दिवसांत मुळापासून जाते, सुया फेकून द्या. तो डॉक्टर खरा नव्हताच, एआयने केलेला चेहरा, ओठ आणि शब्द मागेपुढे होत होते, पण बहात्तरीच्या बाईला मोतीबिंदूच्या डोळ्याने ते कसं दिसणार? त्यांनी मला न सांगता फोन लावला, तीन बाटल्या मागवल्या, पोरगा पार्सल घेऊन दारात आला तेव्हा पदराच्या गाठीतले २,९९९ रुपये मोजून दिले. माझ्यापासून का लपवलं माहितीये? म्हणाल्या, सुनबाईचा सुयांचा खर्च वाचेल म्हटलं, सरप्राइज द्यावं.

अकरा दिवस इन्सुलिन बंद. बाराव्या दिवशी सकाळी उठेनात, तोंडाला फळांसारखा गोडसर वास, शुगर ४६८. चार दिवस ॲडमिट, त्यातली पहिली रात्र डॉक्टरांनी आम्हाला घरी जाऊ दिलं नाही. चटणीच्या सीझनची सगळी कमाई त्या चार दिवसांत गेली, पण ते जाऊ दे. शुद्धीवर आल्यावर त्यांचं पहिलं वाक्य, "माझं चुकलं गं." त्यांचं चुकलं म्हणे!

आता बाटली बघा. मी घरी येऊन उलटीपालटी करून बघितली. हिरवं लेबल, पानं, शिंगासारखं काहीतरी चित्र. बनवणाऱ्याचं नाव नाही. लायसन नंबर नाही. पत्ता म्हणून एका परराज्यातल्या शहराचं नाव आणि पिनकोड, गल्ली नाही की घर नंबर नाही. एक मोबाईल नंबर, तो मी लावला की बंद. भजनांच्या त्या ॲपवर मी जाहिरातीची तक्रार केली, उत्तर आलं आमच्या नियमांचा भंग आढळला नाही. एका सरकारी हेल्पलाइनला लावला, तिसऱ्या दिवशी मेसेज, तुमची तक्रार निकाली काढण्यात आली आहे. कोणी काढली, कुठे काढली, काय निकाल लागला?

साहेब, १९५४ सालचा कायदा आहे, ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज. आमच्या सासूबाईंपेक्षा वर्षाने लहान. त्याच्या यादीत ५४ आजार आहेत ज्यांच्यावर अक्सीर इलाजाची जाहिरातच करायची नाही, आणि त्यात डायबेटिस आहे. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत तुरुंगवास आहे. म्हणजे कायदा सत्तर वर्षं कपाटात तयार आहे, फक्त ज्याच्यावर लावायचा त्याचा पत्ता नाही. आणि माझा पत्ता आहे. मी स्वतः छापलाय, तुमच्याच नियमाने, ठळक अक्षरात. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते काय वेगळं असतं?

आणि पत्ता नाही असं तरी कसं म्हणायचं? ती जाहिरात फुकट दिसत होती का? कोणीतरी कार्ड वापरून पैसे भरले असतील ना, ते पैसे घेणाऱ्या कंपनीकडे नोंद असेल ना. तुमच्या २०१९ च्या कायद्यात कलम २१ आहे, त्यात फसवी जाहिरात प्रसिद्ध करणाऱ्यालाही दहा लाखांपर्यंत दंड लिहिलाय. मी वाचून खूश झाले. मग लगेच खाली लिहिलंय की नेहमीच्या धंद्याच्या ओघात जाहिरात प्रसिद्ध केली असं दाखवलं, तर दंड नाही, आधीच ती काढायचा आदेश माहीत असेल तरच पकडणार. वा! मग मीही नेहमीच्या धंद्याच्या ओघातच पोस्ट टाकली होती की हो.

दहा लाखांचंच घ्या. २०२५ च्या ऑगस्टमध्ये तुमच्या प्राधिकरणाने रॅपिडोला दंड केला, पाच मिनिटांत रिक्षा नाहीतर पन्नास रुपये, ती जाहिरात दीडेक वर्षं शंभराच्या वर शहरांत चालू होती. दंड किती? दहा लाख. चांगलं केलंत, टाळ्या. पण त्यांनाही दहा लाख आणि माझ्या नोटिशीतही दहा लाख, त्यांचे दहा लाख म्हणजे एका सकाळचा चहा असेल, माझे म्हणजे घर.

मागच्या वर्षी इथे महिला उद्योजकांचा मेळावा झाला, स्टेजवर एक मोठे साहेब म्हणाले, ताईंनो घाबरू नका, पहिली चूक झाली तर आधी समजावून सांगू, नोटीस नंतर. आम्ही टाळ्या वाजवल्या, माझ्या चटणीची बरणी त्यांना भेट दिली. त्यावर पत्ता होताच.

आमच्या ग्रुपवर शंभरेक बायका आहेत, पापडवाल्या, केकवाल्या, उटणंवाल्या. निम्म्या जणींना तरी काही ना काही कागद आलाय, मी मोजदाद केली नाही पण बोलायला लागलो की प्रत्येकीचं एक निघतं. आणि नियम कोणाला पाठ आहेत? ते तरी कुठे एका जागी उभे राहतात? जून २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या आदेशावरून सगळ्या नव्या जाहिरातींना स्वयंघोषणा पत्र (जाहिरातीत खोटं काही नाही असं आपणच लिहून द्यायचं) सक्तीचं झालं, ऑनलाइन जाहिरात असेल तर ते प्रेस कौन्सिलच्या पोर्टलवर. चटणीची पोस्ट आणि प्रेस कौन्सिल! पंधरवड्यात, जुलैला, बाकी सगळे सुटले आणि फक्त खाद्यपदार्थ आणि आरोग्यवाले राहिले, म्हणजे मी राहिलेच. त्याच वर्षी २१ ऑगस्टला अन्न सुरक्षा प्राधिकरणाचं फर्मान आलं की दूध-तुपावरचा एटू हा शब्द (दुधातल्या एका प्रोटीनवरून लावतात तो) काढा, ऑनलाइनवरून ताबडतोब. मी रात्री दीडपर्यंत एकेक पोस्ट उघडून एटू खोडत बसले, छापलेली ऐंशी लेबलं गरम पाण्यात बुडवून नखाने खरवडली, नखं आठवडाभर दुखत होती. २६ तारखेला फर्मान मागे! पाच दिवसांत. म्हणजे तूप तेच, गाय तीच, मीच फक्त मधल्या मधे येडी.

आणि ते इन्फ्लुएन्सरचं. गावातली एक पोरगी आहे, आठेक हजार फॉलोअर्स, तिला लोणच्याच्या दोन बरण्या प्रेमाने दिल्या, तिने प्रेमाने रील केलं. २०२३ च्या तुमच्या सूचनांप्रमाणे फुकट दिलेली वस्तू म्हणजे विकणाऱ्याशी संबंध आला, तो ठळक सांगितला पाहिजे, बोलून आणि लिहून. चांगला नियम आहे हो, मला पटतो. पण आजवर एकाही पेजवर तो मराठीत कोणी समजावलेला मला दिसला नाही, आणि इकडे मोठमोठे नट पन्नास हॅशटॅगच्या ढिगाऱ्यात "ॲड" हा शब्द असा लपवतात की भिंग लावून शोधावा.

तर मागणी काय, असं विचाराल. नियम मोडू द्या असं म्हणत नाहीये. हे सगळे नियम मराठीत द्या, साध्या मराठीत, सरकारी मराठीत नको, ते इंग्रजीपेक्षा अवघड असतं. रजिस्ट्रेशन असलेल्या छोट्या माणसाला पहिल्यांदा फोन करा, पोस्ट बदल म्हणून सांगा, मी पाच मिनिटांत बदलली असती. आणि जो पैसे घेऊन औषधाची जाहिरात दाखवतो त्याने जाहिरातदाराचं नाव, पत्ता, लायसन नंबर जाहिरातीवर दाखवलाच पाहिजे, माझ्या बरणीवर असतो तसा. दोनशे ग्रॅमच्या बरणीवर मावतो तर स्क्रीनवर मावेल.

माझा खुलासा मी लिहिलाय, चार शब्दांपैकी तीन काढलेत, "पारंपरिक" ठेवलाय. त्यावर भांडणार आहे.

आपली,
कऱ्हाडची एक चटणीवाली

ता.क. काल दुपारी सासूबाईंच्या मोबाईलवर फोन आला, "आजी, पहिला कोर्स संपला असेल, दुसरा पाठवू का, यावेळी डिस्काउंट आहे." मी फोन घेतला आणि म्हटलं पाठवा, पण आधी तुमचा पत्ता सांगा. फोन कट.