कुस्तीच्या व्हिडिओसाठी कॅमेरा घेताना

कोल्हापूर

प्रिय संभा,
सप्रेम नमस्कार.

खासबागेतल्या कुस्त्या नीट टिपायला हातात मावेल असा कुठला व्हिडिओ कॅमेरा घ्यावा, असं विचारलंस. आधी खोक्यावरचे मेगापिक्सेल विसर. ४के चित्राला ३८४० गुणिले २१६०, म्हणजे सुमारे ८३ लाख पिक्सेल पुरतात. तुझी अडचण उजेडाची आहे. मोठ्या कुस्त्या लागेपर्यंत दिवस मावळतो आणि पैलवान काही तुझ्यासाठी थांबत नाहीत.

म्हणून सेन्सर, म्हणजे लेन्समागची उजेड टिपणारी चकती, किती मोठी ते बघ. ‘एक इंची’ म्हणतात तो प्रत्यक्षात १३.२ बाय ८.८ मिलिमीटर असतो, १/२.३ इंची साधारण ६.२ बाय ४.६. क्षेत्रफळ चौपट, तेवढा उजेड जास्त.

लेन्सवर एफ १.८ लिहिलंय म्हणून भुलू नकोस. एफचा आकडा जितका लहान, तितका उजेड जास्त. तो आकडा झूम न करता असतो. पूर्ण झूमला तो ३.६ झाला, तर उजेड चौथ्या हिश्शावर येतो, आणि तू लांब बसून झूम करणारच. दोन्ही टोकांचे आकडे विचार. डिजिटल झूम तर बंदच ठेव, तो नुसतं चित्र ताणतो.

दुकानातल्या लखलखाटात सगळेच कॅमेरे भारी दिसतात. स्वतःचं कार्ड घेऊन दिवेलागणीला जा, दारात उभं राहून पूर्ण झूमवर जाणाऱ्या-येणाऱ्या गाड्या मिनिटभर टिप. घरी टीव्हीवर लावून मध्येच थांबव. काळ्या सीटवर रंगीत दाणे वळवळत असतील तर सेन्सरला उजेड पुरत नाही. चाकाच्या कडा चौकोनी फुटत असतील तर बिटरेट, म्हणजे दर सेकंदाला साठवली जाणारी माहिती, कमी आहे. दोन्ही दिसलं तर तो कॅमेरा सोडून दे, किंमत कितीही उतरवू देत.

मेनूत पाल (आपल्याकडची व्हिडिओ पद्धत), ५०पी (सेकंदाला ५० चित्रं) आणि शटर १/१०० (दर चित्राला सेकंदाचा शंभरावा भाग उजेड) ठेव. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. १/६० ठेवलंस तर चित्रावर पट्टे सरकतात.

कार्ड व्ही३० घे, म्हणजे सेकंदाला किमान ३० एमबी लिहिणारं. १०० एमबीपीएस (सेकंदाला १०० मेगाबिट) बिटरेटला तासाला ४५ जीबी जातात, म्हणजे १२८ जीबीत पावणेतीन तास. बनावट कार्डं फार आहेत. एकदा काठोकाठ भरून सगळ्या फायली उघडून बघ.

आणि आखाड्याची माती काचेवर बसली तर शर्टानं पुसू नकोस भावा, कणानं काचेवरचा लेप ओरखडतो. आधी रबरी फुग्यानं हवा मार, मगच मऊ कापड.

दोन-तीन मॉडेलं ठरली की नावं कळव, झूमचे आकडे बघून सांगतो.

तुझा,
राजा