पैसे कोणत्या स्वरूपात घेणार, हे व्यवहारापूर्वीच सांगणे बंधनकारक करा

माननीय अर्थमंत्री महोदय,

सविनय नमस्कार.

ग्राहकाने देऊ केलेले पैसे व्यावसायिकाला कोणत्या परिस्थितीत नाकारता यावेत, याविषयी कायद्यात स्पष्टता आणावी, या मागणीसाठी हे पत्र लिहीत आहे. नाकारण्याचा हक्क मुळातच काढून घ्यावा, असे माझे म्हणणे नाही. धनादेश न वटण्याची जोखीम, कार्डाच्या प्रत्येक व्यवहारावर कापले जाणारे शुल्क, मोठ्या नोटेसाठी सुटे पैसे नसणे, या अडचणी खऱ्या आहेत. युरोच्या नियमांनुसार एका व्यवहारात पन्नासपेक्षा जास्त नाणी घेण्याचे बंधन विक्रेत्यावर नसते, आणि ते रास्तच आहे.

माझा आक्षेप आहे तो नकाराच्या वेळेला. रोख रक्कम घेतली जात नाही, हे आत शिरतानाच कळले, तर ग्राहक दुसरीकडे जाऊ शकतो. परंतु दुरुस्तीचे काम पूर्ण होऊन बिल हातात पडल्यावर गल्ल्यामागच्या पाटीकडे बोट दाखवले गेले, तर त्याने काय करावे? तोवर तो देणेकरी झालेला असतो, आणि देणे फेडता यावे यासाठीच तर कायदा चलनाला मान्यता देतो. नोटा मोजून पुढे केलेल्या माणसाला, मागे रांग खोळंबलेली असताना, पैसे बुडवणाऱ्यासारखे उभे राहावे लागणे अन्यायाचे आहे. ज्याच्याकडे बँकखाते नाही, त्याला तर पर्यायच उरत नाही.

अमेरिकेत खासगी व्यावसायिकाने रोख रक्कम घेतलीच पाहिजे, असा केंद्रीय कायदा नाही; तरीही न्यूयॉर्क शहराने २०२० मध्ये दुकानांना आणि खाद्यगृहांना रोख नाकारण्यास मनाई केली. नॉर्वेमध्ये रोखीचा वापर अत्यंत कमी असूनही तेथे १ ऑक्टोबर २०२४ पासून ग्राहकाचा रोखीने पैसे देण्याचा हक्क अधिक भक्कम करण्यात आला. वीज किंवा नेटवर्क बंद पडले की कार्डयंत्र निरुपयोगी ठरते, हेही अशा निर्णयामागचे एक सबळ कारण आहे.

म्हणून विनंती अशी की, कोणते पैसे स्वीकारले जाणार नाहीत, हे प्रवेशद्वारावर आणि काम हाती घेण्यापूर्वी सांगणे सक्तीचे करावे. तसे सांगितले नसेल, तर वैध चलन नाकारता येऊ नये. औषधांसारख्या अत्यावश्यक वस्तूंच्या बाबतीत मात्र पूर्वसूचना दिली असली, तरी माफक रकमेपर्यंत रोख नाकारण्याची मुभा कोणालाही नसावी.

कळावे,
आपला नम्र,
एक ग्राहक