कॉन्फरन्सची ताकद साखळी सामन्यांतून कळत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या क्रीडा पानावर अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलविषयीचा (म्हणजे अमेरिकन फुटबॉल, आपल्याकडचा पायाने खेळायचा नव्हे) लेख वाचला. मराठी वृत्तपत्रात या खेळाला इतकी जागा मिळाली, याचा इथल्या आम्हा वाचकांना मनापासून आनंद झाला. मात्र साउथईस्टर्न कॉन्फरन्स, म्हणजे एसईसी, (कॉन्फरन्स म्हणजे आपसात साखळी सामने खेळणाऱ्या कॉलेज संघांचा गट) ही देशातली निर्विवाद सर्वांत बलाढ्य कॉन्फरन्स आहे असे लेखात ठामपणे म्हटले आहे, आणि पुरावा दिला आहे तो एवढाच की तिथे कोणीही कोणालाही हरवू शकतो. मी नोकरीभर नागपूरच्या कॉलेजात संख्याशास्त्र शिकवले. निवृत्तीनंतर लेकीकडे, ओहायोतल्या कोलंबसला राहते. हा पुरावा पुरावाच नाही, हे सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. 2025 च्या हंगामात अव्वल दर्जाचे 136 कॉलेज संघ आहेत आणि नियमित हंगामात प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम 12 सामने येतात. बहुतेक सामने आपापल्या कॉन्फरन्समध्येच होतात. सर्वांत श्रीमंत कॉन्फरन्स दोन: 1896 साली उत्तरेत सुरू झालेली बिग टेन, जिच्यात आता 18 संघ आहेत, आणि 1932 साली दक्षिणेत स्थापन झालेली एसईसी, जिच्यात 16 आहेत. हंगामाअखेर 12 संघ प्लेऑफ, म्हणजे अजिंक्यपदासाठीचे बाद सामने, खेळतात. त्यातल्या पाच जागा कॉन्फरन्स विजेत्यांना मिळतात, उरलेल्या सात निवड समिती ठरवते. त्या सात जागांसाठीच 'आमची कॉन्फरन्स तगडी' हा वाद दरवर्षी पेटतो.

आता हिशेब पाहू. 2025 च्या हंगामात एसईसीतल्या प्रत्येक संघाचे कॉन्फरन्समध्ये आठ सामने होते, म्हणजे एकूण 64 सामने. चौकटीच्या कागदावर सोळा संघ उभे आणि सोळा आडवे मांडा, जिंकला तिथे एक आणि हरला तिथे शून्य लिहा. निकाल कसेही लागोत, शेवटची बेरीज 64 विजय आणि 64 पराभव हीच येणार. सोळाही संघ बलाढ्य असले तरी तीच, सोळाही कच्चे असले तरी तीच. मग अटीतटीच्या साखळी सामन्यांवरून कॉन्फरन्सचा दर्जा ठरवायचा कसा? बरोबरीचे संघ एकमेकांना हरवतात, एवढेच त्यातून कळते. ते बरोबरीने चांगले आहेत की बरोबरीने सुमार, हे आतल्या निकालांत कुठेच लिहिलेले नसते.

याचे अगदी ताजे उदाहरण देते. 5 ऑक्टोबर 2024 रोजी नॅशव्हिलमध्ये व्हँडरबिल्टने अव्वल मानांकित अलाबामाला 40-35 असे हरवले. लोकांनी गोलपोस्ट उखडून शहरातून मिरवत नेले आणि कंबरलँड नदीत टाकले. त्या आठवड्यात प्रत्येक वाहिनीवर एकच सूर होता: पाहा, एसईसीचा तळाचा संघसुद्धा किती भारी! पण हेच व्हँडरबिल्ट तीनच आठवड्यांपूर्वी जॉर्जिया स्टेटकडून 36-32 असे हरले होते, आणि जॉर्जिया स्टेट काही मोठ्या कॉन्फरन्सचा संघ नाही. हा बाहेरचा निकाल कोणी पुढे केला नाही. त्याच नोव्हेंबरमध्ये धडपडणाऱ्या मिशिगनने बिग टेनमधल्याच ओहायो स्टेटला त्यांच्याच मैदानावर 13-10 असे नमवले, तेव्हा मात्र बिग टेनचा वरचा थर पोकळ असल्याचा निष्कर्ष निघाला. अव्वल संघ हरला तर एकीकडे ते कॉन्फरन्स तळापर्यंत भक्कम असल्याचे लक्षण आणि दुसरीकडे दुबळेपणाचे. अशी दोन मापे लावली की उत्तर आधीच ठरलेले असते.

म्हणजे कस लागतो तो कॉन्फरन्सबाहेरच्या सामन्यांत, आणि नेमके तेच सामने फार कमी आहेत. बिग टेन आणि एसईसी मिळून 34 संघ. 2025 च्या नियमित हंगामात त्यांच्यात परस्पर सामने किती? फक्त तीन. ओहायो स्टेटने टेक्ससला 14-7 हरवले, ओक्लाहोमाने मिशिगनला 24-13, अलाबामाने विस्कॉन्सिनला 38-14. तिन्ही वेळा जिंकला तो यजमान संघ. माझ्या विद्यार्थ्यांपैकी कोणी एवढ्या नमुन्यावरून 34 संघांबद्दल निष्कर्ष काढला असता तर मी तो पेपर परत केला असता.

कॉन्फरन्सबाहेरच्या उरलेल्या सामन्यांत पुष्कळदा प्रतिस्पर्धीच असा निवडलेला असतो की निकालाची उत्सुकताच नसावी. 2024 च्या ऐन नोव्हेंबरात अलाबामाने खालच्या दर्जाच्या मर्सरला बोलावून 52-7 असे हरवले. इथे आठ आणि नऊचा फरक कळीचा ठरतो. बिग टेनचे संघ आपसात नऊ सामने खेळतात, एसईसीचे 2025 पर्यंत आठच खेळत. एसईसीनेही नऊ खेळले असते तर एकूण 72 सामने झाले असते आणि कॉन्फरन्सच्या खात्यावर सक्तीचे आठ पराभव वाढले असते. ते टळत, आणि त्या जागी दुबळ्या पाहुण्यांवरचे सोपे विजय जमा होत. मग डिसेंबरात समितीसमोर '9-3' आणि '10-2' असे विजय-पराभवांचे आकडे शेजारी शेजारी ठेवले जात, जणू दोघांनी एकच पेपर सोडवला आहे. 2026 पासून नऊ सामने खेळायचे एसईसीने ऑगस्ट 2025 मध्ये जाहीर केले. हे फार आधी व्हायला हवे होते, पण झाले ते चांगलेच झाले.

हंगामानंतरच्या 'बोल' सामन्यांचा, म्हणजे निवडक संघांना बोलावून भरवलेल्या सामन्यांचा, दाखला अनेक जण देतात. मला तो पटत नाही, आणि ओहायो स्टेटच्या, म्हणजे बिग टेनच्याच गावात राहून मी हे म्हणते आहे. 31 डिसेंबर 2024 ला मिशिगनने टँपामध्ये अलाबामाला 19-13 हरवले, तेव्हा आमच्या गल्लीतले लोकही, मिशिगनशी पिढ्यान्‌पिढ्यांचे वैर विसरून, बिग टेन श्रेष्ठ असे म्हणू लागले. पण या सामन्यांच्या आधी महिनाभर खंड पडतो, प्रशिक्षक नोकऱ्या बदलतात, व्यावसायिक संघांकडे डोळे लागलेले खेळाडू दुखापत नको म्हणून उतरतच नाहीत. फ्लोरिडा स्टेटला जॉर्जियाने 63-3 असे धुतले तेव्हा फ्लोरिडा स्टेटचे कितीतरी खेळाडू मैदानावर नव्हतेच.

मैदान आणि हवा यांचेही तसेच. 2024 पर्यंत प्लेऑफचे सामने बहुतांशी दक्षिणेत किंवा पश्चिमेत, उबदार गावांत किंवा बंद छताखाली होत. पहिली फेरी कॉलेजांच्या आवारात प्रथमच झाली ती डिसेंबर 2024 मध्ये. त्या फेरीतल्या ओहायो स्टेट-टेनेसी सामन्याच्या रात्री नातवाबरोबर मी ओहायो स्टेडियममध्ये होते. पारा शून्याखाली. टेनेसीचे नारिंगी कपड्यांतले लोक इतके आले होते की त्यांचा आवाज आमच्या बरोबरीने घुमत होता. आमच्या पुढच्या रांगेत टेनेसीहून आलेले एक वयस्क जोडपे काँक्रीटचा गारठा लागू नये म्हणून पायांखाली पुठ्ठे घालून बसले होते. बाईंनी त्यातला एक पुठ्ठा फाडून अर्धा मला दिला. ओहायो स्टेट 42-17 जिंकले आणि पुढे ओरेगन, टेक्सस, नोटर डेम यांना हरवून अजिंक्यपदही मिळवले. त्या संघाचे कौतुक करावे तेवढे थोडे. पण त्या अजिंक्यपदाने बिग टेनमधले पर्ड्यू किंवा नॉर्थवेस्टर्न तसूभरही बलवान होत नाही. 2006 ते 2012 अशी सलग सात विजेतेपदे एसईसीने जिंकली, ती फ्लोरिडा, एलएसयू (लुइझियाना स्टेट), अलाबामा आणि ऑबर्न या चौघांची. त्यांच्या पराक्रमाचे व्याज एसईसीतल्याच केंटकीला का मिळावे?

कोणी म्हणेल, लोकांनी भांडावे, त्यात काय बिघडले? बिघडते, कारण या प्रतिष्ठेवर आता जागा आणि पैसा वाटला जातो. 2026 पासून प्लेऑफच्या उत्पन्नातला सुमारे 29-29 टक्के वाटा बिग टेन आणि एसईसी यांच्यासाठी ठरला आहे. त्याशिवाय 2025 मध्ये बिग टेनने अशी योजना पुढे केली की या दोन कॉन्फरन्सना प्लेऑफमध्ये प्रत्येकी चार जागा आधीच राखून ठेवाव्यात, एसीसी आणि बिग ट्वेल्व्ह या दुसऱ्या दोन मोठ्या कॉन्फरन्सना दोन-दोन. आमच्या बिग टेनचा फायदा असला तरी मी या योजनेच्या सक्त विरोधात आहे. हंगामाचा पहिला चेंडू पडण्याआधी जागा वाटायच्या, मग मुलांनी खेळायचे कशासाठी?

2023 साली फ्लोरिडा स्टेट 13 पैकी 13 सामने जिंकून एसीसीचे विजेते झाले होते. तेव्हा प्लेऑफ चारच संघांचे होते. मुख्य क्वार्टरबॅक, म्हणजे चढाईची सूत्रे हाती असलेला खेळाडू, जायबंदी झाला म्हणून समितीने त्यांना वगळले आणि एक पराभव पदरी असलेल्या अलाबामाला घेतले. अलाबामाने जॉर्जियाला हरवले होते, हे मान्य. पण तेरा विजयांनंतर एखाद्या संघाने आणखी काय करून दाखवायचे असते? मी विदर्भाची. रणजी करंडकात संघांच्या जुन्या लौकिकावरून जागा राखून ठेवल्या असत्या, तर 2017-18 चा करंडक नागपूरला कधीच आला नसता. त्या फ्लोरिडा स्टेटच्या मुलांचे चेहरे यादी जाहीर होताना टीव्हीवर दिसले, आणि मला तो अन्याय आजही सलतो.

उपाय अवघड नाही. सप्टेंबरातला एक आठवडा परस्पर सामन्यांसाठी ठेवावा. आदल्या वर्षीच्या क्रमवारीप्रमाणे एसईसीच्या पहिल्याची गाठ बिग टेनच्या पहिल्याशी, नवव्याची नवव्याशी, सोळाव्याची सोळाव्याशी घालावी, आणि यजमानपद निम्मे निम्मे वाटून द्यावे. एका दिवसात सोळा निकाल हाती येतील, वरच्यांचे, मधल्यांचे आणि तळाचेही. एसीसी आणि बिग ट्वेल्व्हशीही असेच करता येईल.

आपल्या क्रीडा विभागाला एक विनंती. डिसेंबरात प्लेऑफची यादी छापाल, तेव्हा प्रत्येक संघाच्या नावापुढे कॉन्फरन्सच्या नावाऐवजी तीन रकाने द्यावेत: कॉन्फरन्सबाहेर कोणाशी खेळले, कोणाच्या मैदानावर, आणि निकाल काय लागला.

आपली नम्र,
एक निवृत्त प्राध्यापिका
कोलंबस, ओहायो (मूळ नागपूर)
सप्टेंबर 2025