पाकिटांच्या पाठीवर लिहिणाऱ्या वहिनींना

वहिनी, स. न. वि. वि.

तुमच्या मेडिकलच्या काउंटरवर येऊन तोंडावर आभार मानायचा प्रयत्न मी दोनदा केला. पहिल्यांदा तुम्ही म्हणालात, "सुट्टे आहेत का बघा." दुसऱ्यांदा फ्रिज उघडून उगाच इन्सुलिनच्या पेट्या मोजायला लागलात. म्हणून आता चारचौघांत लिहिते. इथे फ्रिजमागे लपायची सोय नाही.

आमच्या घरी बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा आहे. सगळ्यांच्या घरी असतो तसा, आत सुईदोरा असलेला. आमच्या डब्यात मात्र तुमची पाकिटं आहेत. सुट्ट्या गोळ्या घालून द्यायची ती छोटी पांढरी कागदी पाकिटं, एका बाजूला मेडिकलचं नाव आणि सकाळ-दुपार-रात्रीचे तीन चौकोन, दुसऱ्या बाजूला तुमचं ते उजवीकडे झुकलेलं घाईतलं अक्षर. परवा पंख्याखाली पसरून मोजली. 61 निघाली, आणि मोजताना त्यातली निम्मी उडाली.

पहिलं पाकीट फेब्रुवारी 2019 मधलं. संक्रांतीच्या आठवड्यात माझा डावा डोळा लाल झाला, मग उजवा. डोळे आले असतील म्हणून थेंब मिळाले. उजेड असा बोचायचा की तिसरीच्या वर्गात मी गॉगल लावून शिकवत होते आणि पोरं मला "हिरो बाई" म्हणत होती. पंधरा दिवसांनी फळ्यावर लिहिताना फळाच कलंडला. खाली बसले, ओकले. कोणी म्हणालं पित्त, कोणी म्हणालं उपास जास्त करतेस. मग डाव्या कानात कुकर शिट्टी देण्याआधी करतो तसा सूं-सूं आवाज सुरू झाला आणि तो कान हळूहळू कापूस कोंबल्यासारखा बंद होत गेला. कानाच्या डॉक्टरांनी चक्करीच्या गोळ्या दिल्या. डोळ्यांचे डॉक्टर डोळा बघत होते, कानाचे कान. दोघांचंही चुकलं असं मी म्हणत नाही, प्रत्येकासमोर माझा अर्धाच आजार होता.

अख्खा आजार फक्त तुमच्या काउंटरवर आला, एका हातात एक चिठ्ठी, दुसऱ्या हातात दुसरी. तुम्ही काहीतरी विचारलंत, मला कळलं नाही. परत विचारलंत, तरी नाही. मी आपली हसून मान हलवली, नीट ऐकू येईनासं झालेला माणूस पहिली युक्ती शिकतो ती ही. तुम्ही त्या हसण्याला फसला नाहीत. एक पाकीट उलटं करून लिहिलंत, "या दोन डॉक्टरांना एकमेकांचं माहीत आहे का?" मी नाही म्हटलं. खाली आणखी एक ओळ आली. "दोन्ही कागद एकाच मोठ्या डॉक्टरपुढे ठेवा. उद्याच. परवा नाही." 'परवा नाही'च्या खाली दोन रेघा.

रोगाचं नाव तुम्हाला माहीत नव्हतं आणि माहीत असल्याचा आवही तुम्ही आणला नाहीत. पुण्यात ते कळलं, कोगन सिंड्रोम. डेव्हिड कोगन नावाच्या अमेरिकन नेत्रतज्ज्ञांनी 1945 मध्ये तो वेगळा ओळखून मांडला. शरीराचं रक्षण करणारी यंत्रणाच फिरते, बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याशी आणि आतल्या कानाशी वैर धरते. आतल्या कानात ऐकण्याचं आणि तोल सांभाळण्याचं अशी दोन्ही खाती शेजारी-शेजारी असतात, म्हणून बहिरेपण आणि चक्कर जोडीने येतात. क्वचित हृदयातून निघणारी मोठी रक्तवाहिनीही सुजते, म्हणून माझा इकोसुद्धा झाला. आजवर जगभरात नोंद झालेले रुग्ण काही शेकडेच. लॉटरीचं तिकीट मी जन्मात काढलं नव्हतं, तरी नंबर लागला.

हा आजार दाखवणारी एकच अशी तपासणी नाही. बाकीचं एकेक बाद करत तिथे पोचायचं. त्यात क्षय बघतात आणि सिफिलिस, म्हणजे शरीरसंबंधातून होणारी गरमी, तीही बघतात, कारण सिफिलिसमुळे डोळा आणि कान असेच बिघडू शकतात. व्हीडीआरएल, म्हणजे सिफिलिसची रक्ततपासणी, लिहिलेला तो कागद घेऊन मी आपल्या गावातल्या लॅबसमोर पंधरा मिनिटं उभी होते. आत टेक्निशियन म्हणून माझाच जुना विद्यार्थी. शेवटी तशीच तुमच्याकडे आले. पाकीट क्रमांक चार: "लाजता काय? गरोदर बायकांची पण हीच तपासणी होते. वर्षाला शंभर कागद बघते मी." गेले आणि रक्त देऊन आले. निगेटिव्ह.

मग स्टेरॉइड सुरू झालं. रोज 60 मिलिग्रॅम, नाश्त्यानंतर. तोंडाचा भोपळा झाला, रात्री दोन वाजता उठून शिळी भाकरी आणि ठेचा खायची. डोळे थेंबांनी पंधरा दिवसांत निवले. कानांनी ऐकलं नाही. (हा विनोद मी मुद्दाम केला नाही, पण आता राहू दे.) उजवा 65 डेसिबलला थांबला, डावा 95 ला गेला. ज्यांना हे आकडे माहीत नाहीत त्यांच्यासाठी सांगते, आवाज जेमतेम ऐकू यायला किती मोठा करावा लागतो त्याचं ते माप असतं आणि 25 पर्यंत ठीक समजतात. उपचार पहिल्या दोन आठवड्यांत सुरू झाला तर आशा जास्त, असं पुण्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं. डावा कान ती मुदत ओलांडून गेला होता. उजवा नुकताच आजारी पडला होता. तुमचं 'परवा नाही' त्या उजव्या कानाच्या बाजूने पडलं.

स्टेरॉइड कमी करायचं म्हणून मेथोट्रेक्सेट आलं. ती गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून रोज घेतली तर रक्तातल्या पेशी घटतात, जीवावर बेततं. तुम्ही त्या पाकिटावर स्केचपेनने "मंगळवार" एवढं मोठं लिहिलंत की बाकी काही लिहायला जागाच उरली नाही. आमचे हे मला बुधवारी एक गोळी काढून देत होते, पाकीट बघून हात मागे घेतला. फोलिक अॅसिडची पट्टी वेगळ्या पाकिटात, वेगळ्या शाईत. आणि स्टेरॉइड संपायच्या दोन दिवस आधी तुमच्या मुलाचा ह्यांच्या फोनवर मेसेज, "आईने विचारलंय, बाईंच्या गोळ्या संपत आल्या का, मध्येच बंद करायच्या नसतात." यातलं बिलात काहीच नव्हतं.

पण वहिनी, एवढ्यासाठीच मी हे पत्र लिहिलं नसतं. औषधाचं सांगणारे आणखीही भेटले असते.

ऐकू येईनासं झाल्यावर काय जातं, हे मला आधी कोणी विचारलं असतं तर मी गाणं म्हटलं असतं, पाऊस म्हटलं असतं. तसं होत नाही. महत्त्वाचं सगळं कळतं, कारण महत्त्वाचं लोक ओरडून सांगतात, लिहून देतात, हाताला धरून दाखवतात. गॅस संपला, सासूबाईंना ताप आहे, परवा मीटिंग आहे. जातं ते फालतू. जेवताना सगळे खो-खो हसतात, मी विचारते काय झालं, आणि उत्तर येतं, "काही नाही गं, असंच." किंवा "नंतर सांगतो." ते नंतर कधी येत नाही. घरच्यांची माया कमी नव्हती. पण एक फुटकळ गंमत तीनदा सांगायला जीव कोण जाळणार? शाळेतही तेच. मला वर्गावरून काढून दाखले आणि पोषण आहाराचा हिशेब दिला, आणि स्टाफरूममध्ये चहा पिताना मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचत बसायचे. वर्षभर माणसांत राहून मला गावातलं काही माहीत नव्हतं.

आणि तुम्ही मला पाकिटांच्या पाठीवर चकाट्या लिहून दिल्यात!

"कोपऱ्यावरच्या वडेवाल्याने जावयाला भागीदार केलंय, आता चटणी पातळ होणार." "कृष्णामाईच्या उत्सवात पंगतीला वाढणाऱ्यांचीच भांडणं." "समोरच्या बँकेतला नवा साहेब रोज अॅसिडिटीची गोळी नेतो, मॅनेजर तसाच आहे वाटतं." (हे लिहून तुम्ही शेवटचं वाक्य गिचमिड खोडलंत. गिऱ्हाइकाच्या औषधाचं बोलायचं नसतं, हे तुमच्या लक्षात आलं असणार. पण मी ते उजेडावर धरून वाचलं.) काउंटरला गर्दी असायची, हातात स्ट्रिप कापायची कात्री, तरी एक ओळ यायचीच. मी दहा रुपयांचं ओआरएस घ्यायला येऊ लागले, ते कशासाठी, हे तुम्हाला पहिल्या आठवड्यातच कळलं असेल.

2020 मध्ये मास्क आले आणि माझी उरलीसुरली वाटही बंद झाली. तोवर मी ओठ वाचायला शिकले होते. मराठीत तेही सोपं नाही. प, ब आणि म ओठांवर अगदी सारखे दिसतात, मामा आले की बाबा आले हे ओठ बघून सांगता येत नाही. क आणि ग तर घशातच राहतात, काका कधी दिसतच नाहीत. मशीन होतं उजव्या कानाला, पण त्यातून आवाज यायचा, शब्द यायचा नाही, रेडिओ दोन स्टेशनांच्या मध्ये अडकल्यासारखा. मास्कनंतर सगळं जग नुसते डोळे आणि कपाळ झालं. तुम्ही काउंटरला तो प्लास्टिकचा पडदा लावलात, त्याच्यामागे दोन पावलं मागे सरकलात, मास्क खाली ओढलात आणि सावकाश, पण तोंड न वेंगाडता बोललात. सावकाश बोला म्हटलं की लोक तोंड एवढं फाकतात की त्यात एकही अक्षर सापडत नाही. तुम्हाला हे कोणी शिकवलं होतं?

त्याच वर्षी उजवा कानही खाली गेला आणि कॉक्लिअर इम्प्लांटचं, म्हणजे ऑपरेशन करून आतल्या कानात तार घालून ऐकवणारं यंत्र बसवायचं, ठरलं. अशा आजारात आतल्या कानाच्या शंखात हाड भरत जाऊ शकतं, मग तार आत जात नाही, म्हणून फार थांबू नका असं सांगितलं होतं. त्याआधी न्यूमोकोकलची लस घ्यायची असते, मेंदूज्वराचा धोका कमी व्हावा म्हणून. ती साताऱ्याहून बर्फाच्या डब्यात तुम्ही मागवलीत आणि पोचेपर्यंत तीनदा फोन केलात. ऑपरेशन 2021 मध्ये झालं. तीन आठवड्यांनी यंत्र सुरू केलं तेव्हा पहिला आवाज आला तो पत्र्यावर फुटाणे ओतल्यासारखा. ह्यांचा आवाज मला चिमणीसारखा ऐकू आला, मी हसले, ते रडले. शब्द लागायला पुढे चार महिने लागले. मेंदू नव्या आवाजाची बाराखडी गिरवत बसतो, त्याला घाई चालत नाही.

आता पावसाळ्यात यंत्राला घामाचा आणि दमट हवेचा त्रास. गोळ्यांच्या बाटल्यांतल्या सिलिका जेलच्या पुड्या तुम्ही जमवून ठेवता, मूठभर एकदम देता. रात्री यंत्र त्यांच्याशेजारी डबीत झोपतं. तोलाचं मात्र गेलं ते गेलंच. तोंड धुताना डोळे मिटले की बेसिन धरावं लागतं. अंधारात पायाखालची जमीन कुठे आहे ते डोळ्यांनीच शोधावं लागतं, म्हणून लाइट गेले की मी जिथे असेन तिथे बसते. पुण्याहून परतताना खंबाटकी घाटात अजूनही पुढच्या सीटचा दांडा सोडत नाही.

यंत्र लावून पहिल्यांदा दुकानात आले तेव्हा तुम्ही सवयीने पाकीट उलटं केलंत. मी म्हटलं, "बोला ना, येतं आता ऐकू." तर तुम्ही गप्पच झालात. दोन वर्षं लिहून बोललेल्या माणसाशी एकदम तोंडाने काय बोलायचं, असं झालं असेल. मलाही झालं. तुमचा आवाज मी विसरले होते आणि या नव्या कानाने तो वेगळाच ऐकू येणार होता. शेवटी तुम्ही म्हणालात, "पट्टी पूर्ण देऊ की पाच?" मी घरी येऊन ह्यांना ते वाक्य चारदा म्हणून दाखवलं.

एक काम राहिलंय. डब्यात एक पाकीट आहे, नोव्हेंबर 2020 चं, दिवाळीच्या आधीचं. त्यावर तुम्ही लिहिलंय, "तुम्हाला ती आमच्या गल्लीतली बाई माहीत आहे ना, पिठाच्या गिरणीवाली? तिने काल नवऱ्याला काय केलं माहीत आहे?" तेवढ्यात गिऱ्हाईक आलं. तुम्ही वळलात, मी थोडा वेळ थांबले, मग घरी गेले. नंतर विचारायचं राहून गेलं. रविवारी दुपारी दुकान रिकामं असतं, तेव्हा येते. काय केलं तिने?

तुमची,
तिसरीच्या बाई